उगीच

मंगळवार, ४ फेब्रुवारी

बारक्या,

नमस्कार-चमत्कार शेवटी घालेन, तोवर राग उतरला तर. तुझं पत्र मिळालं. दोन पानं भरून तू मला विचारलंयस काय, तर आज वार कोणता, सकाळी काय खाल्लं, धाकट्या काकांचं दुकान कशाचं होतं आणि गॅस बंद करायला विसरतेस का. भाऊ पत्र लिहितोय की पोलीस जबाब घेतायत? तर घे लिहून. आज मंगळवार. सकाळी दूध-पाव खाल्ला. काकांचं दुकान छत्र्यांचं होतं, त्यातली एक तू मोडलीस आणि नाव माझं सांगितलंस. गॅस बंद आहे, तुझ्यामुळे आत्ता उठून बघून आले. झालं समाधान?

माझ्या लेकीने तुला फोन केला हे मी पाकीट फोडायच्या आधीच ओळखलं. पत्ता इतका गोंडस अक्षरात लिहिला होतास की म्हटलं, याचं काहीतरी काम आहे.

आता खरं काय झालं ते माझ्याकडून ऐक. दर बुधवारी मी पहिल्या स्टॉपवरून बस पकडते. सगळ्यात पुढची, मोठ्या काचेसमोरची सीट. ती नसेल तर बस सोडून देते, पुढची पकडते. शेवटच्या स्टॉपपर्यंत जाते आणि त्याच बसने परत येते. मध्ये उतरत नाही, काही विकत घेत नाही, कुणाला भेटत नाही. दुकानांच्या पाट्या वाचते. पुलावर बस चढली की सगळ्यांच्या गच्च्या दिसतात, कुणी काय वाळत घातलंय ते दिसतं. मला ते भारी आवडतं, बस्स.

गेल्या बुधवारी ऊन छान होतं, शेवटच्या स्टॉपला डोळा लागला. कंडक्टर नवीन. त्याने हलवून उठवलं. "आजी, कुठे जायचं होतं?" मी म्हटलं, "कुठेच नाही." "मग बसलात कशाला?" मी म्हटलं, "उगीच." बिचारा घाबरलाच. माझ्या पर्समध्ये लेकीचा नंबर असतो, तो लावला. ती कामावरून धावत आली आणि डेपोत सगळ्यांसमोर मला मिठी मारून रडली. लाजेने मेल्यासारखं झालं मला.

मग घरी आली आणि खोलीत फिरत फिरत एकेक पुरावा गोळा करायला लागली. स्वेटरची बटणं सगळी वेगवेगळी. खिडकीत संत्र्याची सालं. खुर्ची भिंतीकडे तोंड करून. "इथे बसून काय करतेस?" मी म्हटलं, "तिथे दुपारी कवडसा येतो, तो बघते." तिचा चेहराच उतरला. संध्याकाळपर्यंत ठरवूनही टाकलं तिने. आधी डॉक्टर, मग महिनाअखेर ही खोली बंद. तिच्या घरी मागची खोली, दिवसभर सोबतीला एक बाई, आणि बाहेरून कडी. "तुझ्याच भल्यासाठी, आई." आणि खुंटीवरची माझी दुसरी किल्ली काढून स्वतःच्या पर्समध्ये टाकली, माझ्या डोळ्यांदेखत!

ही खोली मी लोकांच्या शर्टांना बटणं लावून घेतलीय, बारक्या. मी इथून हलणार नाही. तू कुणाच्या बाजूचा आहेस ते आधी कळव.

नमस्कार घालत नाही, राग उतरला नाही.

ताई

*

शनिवार, ८ फेब्रुवारी

ताईस साष्टांग नमस्कार, तू घातला नाहीस तरी.

तुझ्या पत्रातल्या वेलांट्या पाहून हात शिवशिवत होता, पण लाल पेन्सिल लांब ठेवली आहे. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली, आता बहिणीची तपासणार नाही.

मी कुणाच्याही बाजूचा नाही. पण भाचीला एकदम खलनायिका करू नकोस. फोनवर ती हुंदके देत होती. तिच्या जागी स्वतःला ठेवून बघ. कंडक्टरचा फोन येतो की तुमची आई डेपोत सापडली. "सापडली" म्हणे! कुणीही धावत सुटेल.

आणि तो शब्द तू वापरायलाच नको होतास. 'उगीच' हा शब्द मजकुरात दिसला की मी न चुकता खोडत असे. "तो उगीच हसला." खोड. "ती उगीच उभी राहिली." खोड. वाक्याचं काही अडत नाही, अर्थ तोच राहतो. तू कंडक्टरला "हवा खायला" म्हणाली असतीस तरी हे रामायण टळलं असतं. "बहिणीकडे" म्हटलं असतंस तर आणखीच बरं.

आता माझं ऐक. डॉक्टरांकडे मुकाट्याने जा. तोवर बस बंद ठेव. आणि स्वेटरला तेवढी एकसारखी बटणं लाव. दहा मिनिटांचं काम, तुझ्या हातचा मळ. डॉक्टर पहिल्यांदा कपडेच बघतात. एवढी तडजोड केलीस तर खोली वाचेलही.

नाही वाचली तरी आभाळ कोसळत नाही. माझंच बघ. चिरंजीवांकडे मला काही कमी नाही. सूनबाई दूध कोमट करून देतात, गरम मला सोसत नाही असं त्यांचं मत आहे. पेपर सगळ्यांचा वाचून झाला की माझ्याकडे येतो, त्यामुळे घाई नसते. माझ्या खोलीला खिडकी नाही, पण पंखा चांगला आहे. संध्याकाळी गच्चीवर नेतात. सूनबाई शिकलेल्या, चिरंजीव शांत स्वभावाचे. सगळं वेळच्या वेळी होतं. माणसाला या वयात आणखी काय लागतं?

बारक्या

*

बुधवार, १२ फेब्रुवारी

बारक्या,

आत्ताच बसमधून आले. पुढची सीट मिळाली. मुद्दाम सांगतेय.

तुला तो शब्द खोडायचा कुणी अधिकार दिला होता रे? "ती उगीच उभी राहिली" यातून 'उगीच' काढलंस तर ती बाई रांगेत उभी आहे, की कुणाची वाट बघतेय, की तिला शिक्षा झालीय, कसं कळणार? लेखकाने बिचाऱ्याने तिला घटकाभर मोकळं सोडलं होतं, तर तू पेन्सिल घेऊन तिला पुन्हा कामाला लावलंस! आणि म्हणतोस अर्थ तोच राहतो. डोंबल तुझं.

आता बटणं. एकसारखी लाव म्हणतोस ना? काजं-बटणांच्या टेबलावर माझी उभी हयात गेली. पांढरं, चार भोकांचं, खाली पांढरं, चार भोकांचं. चुकून एक वेगळं लागलं तर सुपरवायझर शर्ट तोंडावर फेकायचा आणि वर सगळ्यांना हसायला लावायचा. कारखाना सुटला त्या आठवड्यात मी घरी बसून स्वेटरची सगळी बटणं कापली आणि एकेक वेगळं लावलं. एक तुझ्या मेव्हण्याच्या कोटाचं. एक लाकडी. एक लेकीच्या शाळेच्या फ्रॉकचं. एक लाल, रस्त्यात सापडलं, कुणाचं कोण जाणे. सकाळी लावायला घेतली की एक गुळगुळीत लागतं, एक खरबरीत, एक काजात जाता जात नाही. मजा येते. तुला सांगून समजेल असं वाटत नाही, पण मजा येते. ती बटणं मी डॉक्टरसाठी काढायची? मेले तरी नाही.

संत्र्याचंही ऐकून ठेव. साल एका तुकड्यात उतरवते. तुटलं की स्वतःला शिव्या घालते, जमलं की खिडकीत ठेवते. दोन दिवस खोलीला वास येतो. यात वेडेपणा कुठे दिसला तुम्हाला? जन्मभर माझी प्रत्येक गोष्ट कशासाठी तरी होती. पगारासाठी, फीसाठी, सासऱ्यांच्या औषधासाठी. आता काही गोष्टी कशासाठीच नाहीत. त्यांच्यावरच तुमचा डोळा!

पण खरं सांगू? भीती वाटतेय. पुढच्या शुक्रवारी डॉक्टर आहे. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या वार-तारखा घोकते, परीक्षेला बसल्यासारखी. तारीख चुकली तर बाहेरून कडी. असा हिशोब कुणाच्या वाट्याला येऊ नये.

आणि हो. तू तुझ्याबद्दल एवढं लिहिलंस, त्यात सूनबाई आहेत, चिरंजीव आहेत, पंखासुद्धा आहे. तू कुठे आहेस? शेवटचं उगीच असं काय केलंस, तेवढं कळव.

ताई

*

रविवार, १६ फेब्रुवारी

ताईस नमस्कार.

तुझं पत्र वाचलं. आधी चिरंजीवांनी वाचलं, मग मी. टपाल तेच फोडतात, बिलं वगैरे असतात म्हणून. तेव्हा सुनेबद्दल आणि पंख्याबद्दल जरा जपून लिहीत जा. जेवणाच्या टेबलावर उगाच शांतता पसरते.

तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी बांधील नाही.

तरी विचारलंसच म्हणून सांगतो. परवा खणात जुनी लाल पेन्सिल सापडली. ब्लेड घेतलं आणि तासायला बसलो. काहीच तपासायचं नव्हतं. लाकडाचा तो वास, आणि टोक निघत जातं ते बघायला बरं वाटत होतं. चिरंजीव दारात आले, म्हणाले, "बाबा, हे कशाला?" मी म्हटलं, "एकाने काम दिलंय तपासायला." चक्क खोटं बोललो! कोण मला काम देतंय? ते खूश झाले, म्हणाले, "छान, मन रमेल." ब्लेड मात्र घेऊन गेले. हात कापेल म्हणून.

यावर तू काही लिहू नकोस. डॉक्टर काय म्हणाले ते कळव.

बारक्या

*

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

बारक्या,

डॉक्टर झाला. बटणांसकट गेले होते.

डॉक्टरीणबाई तरुण, गोड बोलणारी. तारीख विचारली, सांगितली. महिने उलटे म्हणायला लावले, घडाघडा म्हटले. घड्याळ काढायला सांगितलं, काटे दाखवून पावणेअकरा वाजवले. मग म्हणाली, "आजी, बटणं अशी का?" मी म्हटलं, "तुमच्या कोटाची तशी का?" ती हसली. माझी लेक नाही हसली.

मग आली बसची पाळी. "कुठे जाता?" "कुठेच नाही." "मग का जाता?" तुझा सल्ला आठवला बरं का. हवा खायला म्हण, बहिणीकडे म्हण. जिभेवर आलंही होतं. आणि मला माझाच राग आला. त्या कवडशासाठी, त्या पुलासाठी मी खोटं बोलायचं? चोरी केलीय का मी? सरळ तिच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "उगीच." लेकीने कपाळाला हात लावला.

"बघा ना डॉक्टर," ती म्हणाली, "आई पूर्वी अशी नव्हती हो. आई कधीच काही उगीच करत नसे. आईला मी कधी नुसती बसलेली पाहिलीच नाही." आणि पुन्हा रडायला लागली. बारक्या, ती खोटं बोलत नव्हती. पोरीने आयुष्यभर माझी पाठच पाहिलीय, मशीनवर वाकलेली नाहीतर ओट्यावर. ही खुर्चीत बसलेली बाई तिच्या ओळखीचीच नाही.

डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, डोकं ठणठणीत आहे. मला वाटलं, जिंकले. तर पुढे म्हणाल्या, एकटं राहणं मात्र या वयात बरं नाही, घरच्यांनी काय ते ठरवा. घरच्यांनी! म्हणजे मी त्यात नाहीच.

रविवारी, दोन तारखेला, लेक गाडी घेऊन सामान न्यायला येतेय. जिन्यात मी म्हटलं, मी येणार नाही. तर म्हणाली, "मामालाही पटलंय. त्याने परवा फोनवर हो म्हटलंय."

म्हटलंस का रे?

ताई

*

मंगळवार, २५ फेब्रुवारी

ताई,

म्हटलं. आधी ते कबूल करतो. भाची रडत होती, चिरंजीव शेजारी उभे होते, तोंडातून 'हो' निघून गेलं. फोन ठेवल्यापासून घास गोड लागत नाही.

तुझं पत्र या वेळी मीच फोडलं. टपालवाल्याची वाट बघत खाली जिन्यात उभा राहिलो. वाचलं, खिशात घातलं आणि तसाच फाटकातून बाहेर पडलो. कोपऱ्यापर्यंत गेलो. तिथे एक दुकान आहे, आरसे विकतात. रस्त्यावर आरसे मांडून ठेवले होते, सगळ्यांत वेगवेगळं आभाळ दिसत होतं. किती वेळ उभा होतो कोण जाणे. परत आलो तर घर डोक्यावर घेतलेलं. "बाबा, कुठे गेला होतात?" "कोपऱ्यावर." "कशाला?"

आणि ताई, मी म्हणून टाकलं. उगीच!

सूनबाईंच्या हातातला डाव तसाच राहिला. चिरंजीवांनी आतल्या खोलीत जाऊन तुझ्या लेकीला फोन लावला. मला ऐकू कमी येतं, पण एवढं ऐकू आलं, "हो, हो, अगदी तसंच, तोच शब्द." तुझी लेक म्हणाली म्हणे की हे आपल्या घराण्यातच आहे. मी खोलीत जाऊन दार लावलं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. आता माझीही डॉक्टरांकडे नावनोंदणी झाली आहे. महिने उलटे म्हणायचा सराव सुरू केला आहे, ऑगस्टशी अडतो.

भाचीला मी फोन करून 'हो' परत घेतलं. म्हटलं, तो माझा शब्द नव्हता, छपाईतली चूक होती. ती रागावली. म्हणाली, "तुम्ही दोघं मिळून मला वेड लावणार." गाडी मात्र ठरलेली आहे. ती येणार.

तेव्हा जन्मभराच्या अनुभवावरून तुला एकच दुरुस्ती सुचवतो. कुलूप बदल.

डॉक्टरांचं उरकलं की मी तुझ्याकडे येतो. चिरंजीवांना अजून सांगितलेलं नाही. ही दोन पानं स्वतः पेटीत टाकायला निघालो आहे, लांबच्या पेटीत.

बारक्या

*

सोमवार, ३ मार्च

बारक्या,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं, शनिवारी कुलूपवाला आणला. जुनं कुलूप काढताना म्हणाला, "हे अजून चांगलं आहे की." मी म्हटलं, "तू तुझं काम कर."

काल सकाळी खाली गाडीचा हॉर्न वाजला. मी खुर्चीत बसून राहिले. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. जिन्यात तिची पावलं, मग किल्लीची खुडबुड. एकदा, दोनदा. "आई, किल्ली लागत नाहीये."

"नाहीच लागणार. कुलूप नवीन आहे."

"आई, दार उघड."

"उघडते की. वाजव तरी."

बाहेर एकदम सामसूम. मला वाटलं, गेली. मग तिने दार वाजवलं, अगदी हळू, परक्या घरी वाजवतात तसं. मी लगेच उघडलं.

आत आली ती आगपाखड करतच. "तू पडलीस तर? न्हाणीघरात पडून राहिलीस तर मला कोण सांगणार?" मी म्हटलं, "पडायचं असेल तर तुझ्या घरीही पडेन. उलट तिथे मी सकाळपासून पडलेलीच असेन. मेल्यावर माझं काय करायचं ते कर, मी बघायला येत नाही. पण तोवर माझे बुधवार माझे. या खोलीतून मी माझ्या पायांनी बाहेर पडेन आणि माझ्या पायांनी आत येईन. तुला चालत नसेल तर नको चालू दे."

तेव्हा ती काय म्हणाली ऐक. "मी लहान होते तेव्हा माझ्याजवळ पाच मिनिटं बसायला तुला कधी वेळ नव्हता. आणि आता एका बसला अख्खा दिवस देतेस."

लागलं रे. खोलवर लागलं. मी खिडकीजवळची गादी झटकली, म्हटलं, "बस." ती म्हणाली, "बसायला वेळ नाही, खाली गाडी उभी आहे." "उभी राहू दे. बस." बसली. बसली म्हणजे काय, टेकली. लगेच माझा टॉवेल घडी करायला घेतला. मी हातातून काढून घेतला. मग तिने उशीचा अभ्रा सरळ केला, मग पर्स उघडली, बंद केली. हातांचं काय करावं हेच कळेना पोरीला. माझेच हात आहेत ते, दुसऱ्या कुणाचे? मला तिची इतकी दया आली! आपल्याला वाटतं आपण पोरांना शिकवत नाही, पण ती बघत असतात.

दोघी बसून राहिलो. गाडीवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला. तिसऱ्यांदा वाजवला तेव्हा तीच खिडकीतून ओरडली, "अहो, वाजवता काय सारखे? जा तुम्ही!" गाडी रिकामी गेली.

आता फार हुरळून जाऊ नकोस. तिला पटलेलं नाही. जाताना बजावून गेली की रोज सकाळी उठल्या उठल्या फोन करायचा, नाही केला तर दार तोडून आत येईन. एवढं मी कबूल केलं, तिलाही झोप लागायला हवी. एक किल्ली शेजारणीकडे ठेवलीय, ती हाक मारल्याशिवाय यायची नाही. लेकीने स्वतःसाठी मागितली. "निदान एक तरी दे ना, आई." नाही दिली. फार जड गेलं, पण नाही दिली. दारात उभी राहून म्हणाली, "मग मी यायचं कसं?" मी म्हटलं, "पाहुणीसारखी ये. लाड होतील." रागाने गेली, पण जिन्यातून परत वर आली आणि विसरलेली छोटी पिशवी घेऊन गेली. त्यात माझ्यासाठी आणलेली संत्री होती, ती मात्र काढून ओट्यावर ठेवून गेली.

तू येतोयस हे चांगलं झालं. ये, चिरंजीवांना सांगून ये नाहीतर न सांगता ये, तुझं तू बघ. ब्लेड माझ्याकडे आहे, पेन्सिल तू आण. झोपायला गादी देईन, गरम दूध देईन, सोसतं की नाही ते तुझं तू ठरव. पण किल्ली तुलाही मिळणार नाही. आलास की दार वाजव.

मी घरी असले तर उघडेन.

ताई